मेंदूचा आजार आणि आपली जबाबदारी

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)





या व्याख्यानमालेत पंचशील, अष्टांगिक मार्ग, संविधान, आरक्षण, शिक्षण अशा विषयांवर विद्वान वक्ते बोलून गेले. आम्ही विद्वान नाही. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेच्या काउंटरवर बसणारे कारकून आहोत. आम्ही हा विषय सुचविला तेव्हा कार्यकारिणीतील एक-दोघांना वाटले की, हा डॉक्टरांचा विषय आहे, विहारात कशाला? त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण गेली वीस वर्षे आम्ही या आजाराची फाईल काखेत मारून दवाखान्यांच्या पायऱ्या चढलो आहोत. मिळेल ते वाचले, डॉक्टरांना विचारले आणि समजून घेतले. त्यातून जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवणे आम्हाला आमचे कर्तव्य वाटते. आपल्या वस्तीत असे घर एकटे आमचेच आहे, असे आम्ही मानत नाही.

आजाराचे नाव स्किझोफ्रेनिया. मराठीत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात. मनोविकृतीच्या गटातील हा मोठा आजार. यात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे असे पक्के वाटते, बोलण्याचा धागा सुटतो. पुढे तो गप्प होतो, अंघोळ सोडतो, कशातच मन घालत नाही. बहुधा सोळा ते तीस या वयात, म्हणजे घराने ज्याच्यावर आशा ठेवलेली असते त्या वयातच, हा आजार गाठतो. २०१५-१६ साली १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. त्यात अशा मनोविकृतीच्या सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे दिसले. चारांपैकी तीन! ही माणसे कुठे असतात? घराच्या मागच्या खोलीत, स्टेशनावर, नाहीतर एखाद्या भगताच्या अंगणात.

आता घरचे सांगतो. आमचा धाकटा भाऊ २००३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी आजारी पडला. कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होता. रात्र-रात्र जागायचा. शेजारचे लोक भिंतीला कान लावतात म्हणायचा. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेब, कपाटावर बुद्धमूर्ती, आजोबांच्या तोंडी बावीस प्रतिज्ञा. आणि त्याच घरातून आम्ही त्याला रात्रीच्या एस.टी.ने गावी नेला आणि भगतापुढे बसविला. उतारा झाला, अंगारा झाला, धुरी झाली, पाठीवर वेताचे वळ उठले. एक-दोन दिवस नव्हे, दीड वर्ष हे चालले. हे तुमच्यापुढे बोलताना आमची मान खाली जाते. पण लपविले तर या भाषणाला अर्थ उरणार नाही. प्रतिज्ञा आम्हाला पाठ होत्या. पण घरावर संकट आले तेव्हा आम्ही त्या मुंबईत ठेवून गावी गेलो.

२००५ साली एका ओळखीच्या परिचारिकेने बजावले आणि आम्ही त्याला मोठ्या रुग्णालयात नेले. तिथे डोक्याचा सी.टी. स्कॅन झाला. अहवालात लिहिले होते, दोष आढळला नाही. आम्हाला हायसे वाटले. पण घरातील वडीलधारे म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आहे. म्हणजे पोरगा नाटकं करतोय." चार महिन्यांत गोळ्या मागे पडल्या. पुढे काही वर्षांनी आमच्या वाचनात आले की, या आजारात मेंदू आकसतो. तेव्हा आम्ही उलट टोकाला गेलो. मेंदूच गेला, मग आता काय उरले? बंधू-भगिनींनो, या दोन्ही समजुती चुकीच्या होत्या. स्कॅन स्वच्छ म्हणजे आजार नाही, ही पहिली चूक. मेंदूत फरक आहे म्हणजे आशा नाही, ही दुसरी. आज आम्हाला या दोन चुकांवरच बोलायचे आहे.

थोडा इतिहास पाहू. जर्मनीत एमिल क्रेपेलिन नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराला तरुणपणी येणारा बुद्धिभ्रंश असे नाव दिले. हा आजार माणसाला उतरणीलाच नेतो, असे त्याचे मत होते. पुढे १९०८ साली स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी स्किझोफ्रेनिया हे नाव दिले. सगळेच रुग्ण खालावत नाहीत, हे त्यांनी पाहिले होते. क्रेपेलिनला खात्री होती की, या आजाराचे मूळ मेंदूत आहे. त्याच्याच संस्थेत अल्झायमरसारखे लोक सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचे काप तपासत होते. म्हातारपणीच्या विस्मरणाच्या आजारात त्यांना खुणा सापडल्या. या आजारात मात्र तशी ठळक खूण अनेक दशके हाती लागली नाही. मग काही जणांनी दोष आईच्या माथी मारला. आईने माया लावली नाही म्हणून मुलगा वेडा झाला, असे विसाव्या शतकाच्या मध्यावर शिकली-सवरली माणसे लिहीत होती. कोणाचे कोण आजारी आणि शिक्षा कोणाला!

१९७० नंतर सी.टी. स्कॅन आला आणि जिवंत माणसाचा मेंदू कवटी न उघडता पाहता येऊ लागला. १९७६ साली लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात ईव्ह जॉनस्टोन, टिम क्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या रुग्णांचे स्कॅन काढले. आपल्या मेंदूच्या आत पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. त्या या रुग्णांत निरोग्यांपेक्षा मोठ्या दिसल्या. पोकळी मोठी, म्हणजे भोवतालचा भाग कमी. पुढे एम.आर.आय. आला आणि चित्र अधिक स्पष्ट झाले. २०१६ साली जगातील १५ केंद्रांनी आपली माहिती एकत्र केली. त्यात २,०२८ रुग्ण आणि २,५४० निरोगी माणसे होती. स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा भाग रुग्णांत सरासरीने लहान आणि पोकळ्या मोठ्या आढळल्या. २०१८ साली ४,४७४ रुग्ण आणि ५,०९८ निरोगी माणसांची तुलना झाली. मेंदूचा बाहेरचा करडा थर रुग्णांत सरासरीने पातळ होता आणि कपाळामागे व कानशिलामागे हा फरक जास्त होता. विचार जुळविणे आणि ऐकलेले समजणे ही कामे याच भागांकडे असतात.

म्हणजे आजार खरा आहे आणि तो शरीराचा आहे. भुताचा नाही, करणीचा नाही, नाटकाचा तर नाहीच नाही.

मग आमच्या भावाचा स्कॅन स्वच्छ कसा आला? येथे 'सरासरीने' या शब्दाकडे लक्ष द्यावे. आमच्या धंद्यातले उदाहरण देतो. समजा, बँकेच्या दोन शाखा आहेत. एका शाखेतील बचत खात्यांची सरासरी शिल्लक दुसरीपेक्षा थोडी कमी आहे. हजारो खाती तपासली की हा फरक नक्की दिसतो. पण आम्ही एकच पासबुक तुमच्या हाती दिले आणि शिल्लक पाहून शाखा ओळखा म्हटले, तर ओळखता येईल का? दोन्ही शाखांत श्रीमंत खातेदार आहेत आणि गरीबही आहेत. मेंदूचेही तसेच आहे. कित्येक रुग्णांचा मेंदू निरोग्यांसारखाच दिसतो आणि कित्येक निरोग्यांच्या पोकळ्या रुग्णांपेक्षा मोठ्या असतात. म्हणून आजही या आजाराचे निदान स्कॅनवरून होत नाही. रुग्णाशी बोलून, घरच्यांना विचारून, काही काळ लक्ष ठेवून होते. स्कॅन काढतात तो मेंदूत गाठ नाही ना, रक्तस्राव नाही ना, दुसरा काही आजार नाही ना, हे पाहण्यासाठी. 'दोष आढळला नाही' याचा अर्थ गाठ वगैरे नाही एवढाच होता. आम्ही त्याचा अर्थ 'आजार नाही' असा लावला आणि भावाला खोटारडा ठरविले.

हा फरक येतो कुठून? सगळे कोडे उलगडलेले नाही, पण काही गोष्टी कळल्या आहेत. पहिल्यांदाच आजारी पडलेल्या, औषधाची एकही गोळी न घेतलेल्या रुग्णांतही थोडा फरक दिसतो. म्हणजे त्याची सुरुवात आजार दिसण्याच्या आधी होते. लहानपणी मेंदूतील पेशींमध्ये गरजेपेक्षा जास्त जोड असतात. वयात येताना मेंदू नको असलेले जोड छाटून टाकतो, माळी फांद्या छाटतो तसे. या आजारात ही छाटणी बिघडत असावी, अशी कल्पना अर्विन फाइनबर्ग यांनी १९८२ साली मांडली. २०१६ साली अमेरिकेतील संशोधकांना सी-४ नावाच्या जनुकाचा या आजाराच्या धोक्याशी संबंध आढळला आणि हे जनुक जोडांच्या छाटणीत भाग घेते, असेही दिसले. आजार विशीच्या आसपास का येतो, याचे उत्तर कदाचित इथे असेल. मात्र एकच जनुक हा आजार घडवीत नाही. शेकडो जनुकांचा थोडा-थोडा वाटा असतो आणि त्यात परिस्थितीची भर पडते.

परिस्थिती म्हणजे काय, हे आपल्या समाजाने नीट ऐकावे. इंग्लंडमध्ये लंडन, नॉटिंगहॅम आणि ब्रिस्टल या शहरांत झालेल्या अभ्यासात वेस्ट इंडीजमधून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांत या आजाराचे प्रमाण गोऱ्यांच्या कितीतरी पट आढळले. रक्ताचा दोष म्हणावा, तर त्यांच्या मूळ बेटांवर प्रमाण इतके नव्हते. मग अनेक संशोधकांचे लक्ष परकेपणा, अपमान, भेदभाव आणि एकटेपणा यांच्याकडे गेले. माणसाला सतत खाली दाबले तर त्याची झळ मेंदूपर्यंत पोहोचू शकते. बाबासाहेबांनी माणसाच्या प्रतिष्ठेसाठी आयुष्य वेचले. प्रतिष्ठा ही शोभेची वस्तू नव्हे, ती आरोग्याचीही गरज आहे, असा अर्थ आम्ही यातून काढतो.

आता औषधांविषयी बोलतो. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिन हे या आजारावरचे पहिले परिणामकारक औषध वापरले गेले. त्यानंतर अनेक औषधे आली. भास आणि संशय यांवर ती चांगली चालतात. पण त्यांच्याबद्दल एक अवघड प्रश्न उभा राहिला. तो ज्यांनी उभा केला, त्या नॅन्सी अँड्रियासन या अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या डॉक्टर. त्या मूळच्या इंग्रजी साहित्याच्या पीएच.डी. आधी साहित्य शिकविले, मग वैद्यकाकडे वळल्या. आमच्यासारख्या कला शाखेच्या माणसाला याचे फार कौतुक वाटते. त्यांच्या गटाने २११ रुग्णांचे सरासरी सात वर्षे पुनःपुन्हा एम.आर.आय. काढले. २०११ साली त्यांनी जाहीर केले की, ज्यांना औषध जास्त प्रमाणात मिळाले त्यांच्या मेंदूचा ऊतिभाग थोडा अधिक घटलेला दिसला. ही बातमी अर्धवट ऐकून कोणी गोळ्या फेकून देईल. पण याच गटाने २०१३ साली दुसरी बाजूही दाखविली. आजार उलटून जितका काळ अंगात राहतो, तितकी मेंदूची घट जास्त दिसते. म्हणजे एका बाजूला आड आणि दुसऱ्या बाजूला विहीर. मग मार्ग कोणता? मधलाच. लागेल तेवढेच औषध, कमीत कमी मात्रेत, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळीही बंद करायची नाही. मध्यम मार्ग आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको.

आता दुसऱ्या चुकीकडे येतो. मेंदूत फरक आहे म्हणजे जन्माचे गेले का? याचे उत्तर रुग्णांना वीस-वीस, तीस-तीस वर्षे भेटत राहिलेल्या लोकांनी दिले आहे. ऑयगेन ब्लॉयलर यांचे चिरंजीव मान्फ्रेड ब्लॉयलर यांनी झुरिकमध्ये २०८ रुग्णांचा वीस वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केला आणि १९७२ साली त्यावर पुस्तक लिहिले. पहिल्या पाचेक वर्षांनंतर आजार सरासरीने आणखी वाढत नाही, उलट कित्येकांची स्थिती सुधारते, असे त्यांना दिसले. अमेरिकेत व्हरमाँट राज्याच्या मनोरुग्णालयात १९५० नंतरच्या दशकात, सुधारण्याची आशा सोडून दिलेले २६९ रुग्ण निवडले गेले. त्यांना काम शिकविले, राहायला जागा दिली, समाजात परत आणले. सरासरी ३२ वर्षांनी कोर्टनी हार्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना शोधून काढले. १९८७ साली त्यांनी लिहिले की, निम्मे ते दोन-तृतीयांश रुग्ण बरे झाले होते किंवा पुष्कळ सुधारले होते. रुग्णालयाच्या मागच्या वॉर्डात टाकून दिलेली माणसे ती!

जागतिक आरोग्य संघटनेने १९६० नंतरच्या दशकात नऊ देशांत अभ्यास सुरू केला. त्यात आपले आग्रा होते. पुढच्या अभ्यासात चंदीगड आले. १५ आणि २५ वर्षांनंतरचा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक रुग्णांची स्थिती चांगली होती. सुरुवातीची वर्षे सतत आजारी असलेल्यांपैकीही १६ टक्के उशिरा का होईना बरे झाले. चेन्नईत डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ साली स्कार्फ ही संस्था स्थापन केली. या संस्थेच्या डॉ. थारा यांनी १९८० नंतर पहिल्यांदाच आजारी पडलेल्या ९० रुग्णांचा वीस वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला. त्यांतील बहुतेकांचा प्रवास बरे होणे, पुन्हा आजारी पडणे, पुन्हा सावरणे असा झाला.

आम्ही गोड चित्र रंगवीत नाही. २०१३ साली ५० अभ्यास एकत्र करून कडक कसोटी लावली गेली. लक्षणेही गेली पाहिजेत, कामधंदाही सुरू पाहिजे, आणि यांपैकी निदान एक सुधारणा किमान दोन वर्षे टिकली पाहिजे. त्या कसोटीला सातांपैकी साधारण एकच उतरला. या आजाराची माणसे सरासरीने सुमारे १५ वर्षे लवकर जातात. हृदयविकार, मधुमेह, तंबाखू, आत्महत्या ही कारणे आहेत आणि त्यांतली बरीच टाळता येण्याजोगी आहेत. तेव्हा हिशोब असा मांडावा. पूर्ण बरे होणारे थोडे, बऱ्यापैकी जगणारे पुष्कळ, आणि काहींचे दुःख फार मोठे. पण 'सगळेच गेले' हे शंभर वर्षांपूर्वीचे मत आता टिकत नाही.

कोणाचे पुढे काय होईल, हे स्कॅन पाहून एकेका माणसापुरते सांगता येत नाही. ज्यांवरून अधिक अंदाज येतो, त्या गोष्टी साध्या आहेत. उपचार किती लवकर सुरू झाला? उशीर जितका जास्त, तितका परिणाम वाईट. आमचे दीड वर्ष भगताकडे गेले, ते इथे मोजले जाते. गांजा सुटला का? औषध मध्येच बंद केले का? आणि घरात रुग्णाशी कसे बोलतात? लंडनमध्ये असे आढळले की, ज्या घरात रुग्णाला सतत टोचून बोलतात, त्या घरात आजार जास्त वेळा उलटतो. हाच अभ्यास चंदीगडला झाला तेव्हा तिथल्या घरांत अशी टोचणी लंडनपेक्षा कमी आढळली. १९८७ साली ते प्रसिद्ध झाले. म्हणजे आपल्या घरांत एक औषध आहे. ते फुकट आहे. आपणच ते वापरत नाही.

धम्म याबाबत काय सांगतो? मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना विचारले होते की, माणसाला जे सुख-दुःख होते ते सगळे पूर्वकर्मामुळेच, हे खरे का? भगवंतांनी पित्त, कफ, वात, ऋतुबदल, इजा अशी आठ कारणे सांगितली. कर्म हे त्या आठांपैकी एक. सगळे पूर्वकर्मामुळेच, हे म्हणणे त्यांनी नाकारले. बाबासाहेबांनी तर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मागच्या जन्मीच्या कर्माचा सिद्धांतच मोडीत काढला. तेव्हा आजारी मुलाच्या आईला 'मागच्या जन्मीचे भोग' असे म्हणणारा माणूस गळ्यात निळा पंचा घालून फिरत असला, तरी तो धम्मापासून दूर आहे.

आणखी एक कथा विनयपिटकात आहे. आम्ही ती वाचली तेव्हा अंगावर काटा आला. गग्ग नावाचा एक भिक्खू वेडा झाला होता. उपोसथाची कधी त्याला आठवण राही, कधी राहत नसे. वेडाच्या भरात त्याने नको त्या गोष्टी केल्या. पुढे तो बरा झाला. पण काही भिक्खू त्याला पुनःपुन्हा त्याच गोष्टींवरून दोष देत राहिले. तो म्हणे, मी तेव्हा भानावर नव्हतो, मला आठवत नाही. तरी ते ऐकेनात. भगवंतांपर्यंत गोष्ट गेली. त्यांनी दोष देणाऱ्यांना चुकीचे ठरविले आणि एक नियमच घालून दिला. वेडाच्या अवस्थेत घडलेल्या गोष्टीसाठी, बऱ्या झालेल्या माणसाला संघाने निर्दोष ठरवावे. या नियमाचे नाव अमूळ्हविनय. अडीच हजार वर्षांपूर्वी!

आता आम्हाला जे बोलायचे आहे ते कटू आहे, पण आपल्याच घरात बोलायचे आहे. २००८ साली जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या भावाने भोंग्याच्या तारा उपटल्या. मिरवणूक अर्धा तास थांबली. तो सारखा सांगत होता की, भोंग्यातून माझे नाव घेऊन शिव्या देतात. त्याने तेव्हा गोळ्या सोडल्या होत्या. कार्यकर्त्यांनी त्याला मारले. आम्हीही दोन लगावल्या. २०११ पासून तो नियमित औषध घेतो. आज सकाळी सहा वाजता विहाराचे दार तोच उघडतो, सतरंज्या झटकतो, वाचनालयातली वर्तमानपत्रे तारखेवार लावतो. नोकरी नाही. दुपारी त्याला फार झोप येते. कधी कधी आवाज येतात, मग तो आम्हाला येऊन सांगतो, "दादा, आज जरा येतायत." सांगतो, हेच मोठे आहे. तरीही दर एप्रिलला कोणीतरी हसून म्हणते, "याला भोंग्यापासून लांब ठेवा." बंधू-भगिनींनो, त्याला ते ऐकू येते. हे मात्र भास नसतात.

गग्गाला संघाने मोकळे केले. या मंडळाने आमच्या भावाला अजून मोकळे केलेले नाही. तसे म्हटले तर आम्हीही नाही. त्या दिवशी उगारलेल्या हाताची माफी आम्ही त्याच्याकडे आजवर मागितली नव्हती. काल रात्री मागितली. तो म्हणाला, "कुठली मिरवणूक?" त्याला खरेच आठवत नव्हते, की आमच्यासाठी तो तसे म्हणाला, हे आम्हाला कळले नाही.

भाषण संपविण्यापूर्वी मंडळापुढे काही सूचना ठेवतो. पहिली, वस्तीतील कोणत्याही मुला-मुलीत असा बदल दिसला तर त्या महिन्यातच सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयातील मनोविकार विभागात नेण्यासाठी सोबतीला दोन माणसे मंडळाने द्यावीत. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फलकावर कायमचा लिहावा. दुसरी, कायदा सर्वांना समजावून सांगावा. २००१ साली तामिळनाडूत एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळदंडांत बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. त्यांना पळताही आले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला आणि त्यांच्या हत्येनंतर तो आला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. त्याचे प्रमाणपत्र काढण्यास आम्ही स्वतः मदत करू. कागदपत्रांचे काम आम्हाला जमते. तिसरी, रुग्णाच्या आईला आणि बहिणीला महिन्यातून एक दुपार मोकळी मिळावी म्हणून महिला मंडळाने आळीपाळीने त्या घरी बसावे. रुग्णाची सेवा ही माझीच सेवा, या अर्थाचे भगवंतांचे सांगणे आपण नेहमी ऐकतो. ते पाळायला याहून सोपी जागा नाही.

आणि चौथी सूचना. येत्या जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या भावाला एखादे छोटेसे काम द्यावे. पाणी वाटण्याचे चालेल. भोंग्याच्या बाजूलाच उभे केले तरी चालेल. आम्ही त्याच्या शेजारी उभे राहू.



नमो बुद्धाय! जयभीम!